आस्ताला शहर दाखवायचं होतं

प्रेबेनने आयुष्यात एकही पर्यटक हरवला नाही. हे तो स्वतःच सांगत फिरतो, त्यामुळे अर्ध्या कोपनहेगनला पाठ आहे. तीस-पस्तीस वर्षं पिवळी छत्री उंच धरून त्याने जपान्यांना, जर्मनांना, जहाजातून उतरलेल्या अमेरिकन म्हाताऱ्यांना राजवाडे, मनोरे आणि ती दगडावर बसलेली जलपरी दाखवली, आणि जेवढे नेले तेवढे परत आणून बसमध्ये बसवले. फेरी सुरू करण्याआधी तो छत्री जमिनीवर आपटायचा आणि बजावायचा, "हरवलात तर शोधत फिरू नका. मला शेवटचं जिथे पाहिलंत तिथेच उभे राहा. हलायचं नाही. मी येतो." आणि तो यायचाही. परक्यांसाठी नेहमी यायचा.

मी बिर्थे. क्रिस्तियान्सहाउनच्या कालव्याकाठी, आरमाराच्या जुन्या वखारीत जहाजांचं एक लहानसं संग्रहालय आहे. तिथे दाराजवळच्या खिडकीत बसून मी लोकांचे कोट आणि छत्र्या सांभाळते. मी मूळची युटलंडची, पश्चिमेकडच्या मुलखातली. आमच्याकडे माणूस फारच खूश झाला तर "वाईट नाही" म्हणतो. प्रेबेन राजधानीतला, श्वास घ्यायला थांबला तर थांबला. तो गट घेऊन यायचा तेव्हाची आमची ओळख. पुढे राहायलाही एकाच जिन्यावर आलो, म्हणून त्याच्या घरातलं बरंवाईट मला ठाऊक आहे.

वाईट म्हणजे त्रिनेचं. त्रिने ही त्याची एकुलती मुलगी. ती सात वर्षांची असताना एकदा शाळेला सुट्टी होती आणि आई कामावर, म्हणून प्रेबेनने तिला फेरीवर बरोबर नेलं. करकोच्यांच्या कारंज्यापाशी गटातल्या एका बाईंचा पाय मुरगळला. "इथेच थांब, हलायचं नाही, मी येतो," असं पोरीला सांगून त्याने बाईंना टॅक्सीत घातलं. तोवर गट खोळंबला होता, बोट सुटायला आली होती. तो गटाला घेऊन बोटीत चढला. माणसं मोजली, बरोबर भरली. पोरीला मोजायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. दुकानं बंद व्हायला लागली तेव्हा पोरीला आणि मला ओळखणाऱ्या तिथल्या फुलवालीने तिला माझ्याकडे आणून सोडलं. ती यायलाच तयार नव्हती म्हणे. बाबा म्हणालेत हलायचं नाही, एवढंच बोलत होती. घार हिंडते आकाशी, चित्त तिचे पिल्लापाशी, असं म्हणतात. या घारीचं चित्त पर्यटकांपाशी होतं, आणि मी ते त्याला त्याच संध्याकाळी तोंडावर सांगितलं.

त्रिनेने कधी भांडण काढलं नाही. तिने फक्त पुढे कुठलीच गोष्ट बापावर सोपवली नाही. तिची आई लिस होती तोवर दोघं एका टेबलावर जेवत. लिस गेली आणि ते जेवणही नाताळापुरतं उरलं. मग आस्ता झाली. प्रेबेन नातीला पाहायला जायचा तेव्हा त्रिने तिला त्याच्या मांडीवर द्यायची, पण स्वतः समोर बसून राहायची. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, त्यात तिचं काय चुकलं?

आस्ता आठ महिन्यांची झाली, त्रिनेची रजा संपली, पाळणाघर ठरलं. आठवड्यातला एक दिवस तरी मला दे, म्हणून प्रेबेन महिनाभर तिच्या मागे लागला होता. शेवटी ती जिन्यात, माझ्यासमोरच म्हणाली, "एक गुरुवार, बाबा. नीट झालं तर पुढचे सगळे गुरुवार तुझे. नाही झालं तर मला पुन्हा विचारू नकोस." तिचा आवाज जराही चढला नव्हता. म्हणूनच मला भीती वाटली.

त्या गुरुवारी तिने त्याला सगळं पढवलं. आस्ता सकाळी झोपते, तेव्हा गाडीचा टप पूर्ण खाली ओढायचा. मध्येच उघडून बघायचं नाही, उजेड आला की ती उठते आणि दिवसभर किरकिर करते. स्वतःहून रडेल तेव्हाच उचलायची. फोन गाडीखालच्या टोपलीत ठेवायचा, दुपारी मी करीन, पहिल्या घंटेला घ्यायचा. प्रेबेन शाळकरी पोरासारखा हो हो करत होता.

तो संग्रहालयात आला तेव्हा एप्रिलमधलं कोरडं ऊन होतं आणि बंदरावरून झोंबरं वारं येत होतं. आमच्या अंगणात भिंतीच्या आडोशाला बाबागाड्यांची रांग लागली होती. आया आत कॉफी पीत होत्या, बाळं अर्थात आमच्या डॅनिश रिवाजाप्रमाणे बाहेर झोपली होती. गार हवेतल्या झोपेसारखी झोप नाही. बहुतेक गाड्या काळ्या, उंच चाकांच्या. हल्ली सगळ्यांना तीच हवी असते. प्रेबेनने आपली गाडी रांगेच्या टोकाला, जुन्या पाण्याच्या पंपाशेजारी लावली आणि माझ्या खिडकीशी येऊन छत्री दिली.

"छत्री कशाला आणलीस? आभाळात ढग नाही," मी म्हणाले.

"आज फेरी आहे. आस्ताला शहर दाखवणार."

"अरे, ती झोपलीय."

"माझे निम्मे पर्यटक झोपलेलेच असायचे," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "त्रिनेला कधी दाखवलंच नाही गं. धड असं, तिच्या एकटीसाठी."

मी छत्री कोपऱ्यात उभी केली. त्याने आत जाऊन कॉफी घेतली, दालचिनीचा पाव खाल्ला, आणि छत्री घेऊन निघाला. त्याच वेळी शाळेची एक सहल आली आणि माझी खिडकी दप्तरांनी भरून गेली, म्हणून तो अंगणातून जाताना मला दिसला नाही. मधल्या वेळात आमच्या कॅफेचा माणूस सोड्याच्या खोक्यांची ढकलगाडी घेऊन आला होता. जागा होईना म्हणून त्याने पंपाजवळची बाबागाडी हळूच उचलून शेजारच्या गाडीच्या पलीकडे नेऊन ठेवली होती. बाळ उठू नये म्हणून तो चवड्यांवर चालत होता, हे मी स्वतः पाहिलं होतं आणि मला त्याचं कौतुकही वाटलं होतं.

प्रेबेनने पंपाशेजारची गाडी घेतली. टप खाली होता, आतून मंद श्वास ऐकू येत होता. उघडायचं नाही म्हणजे नाही.

पुढचं त्याने नंतर मला सांगितलेलं आहे. तो मोठ्या पुलावरून पलीकडे गेला आणि गाडीच्या टपाकडे झुकून बोलायला लागला. शेअर बाजाराच्या जुन्या इमारतीपाशी थांबून म्हणाला, "इथे वर चार ड्रॅगन शेपट्या एकमेकींत गुंफून उभे होते. आगीत पडले. तुला चालता यायला लागेल तोवर पुन्हा चढतील, मग आपण बघायला येऊ." आरमाराच्या चर्चपाशी त्याने तिला तिच्या आजीशी झालेल्या लग्नाची गोष्ट सांगितली, जी त्याने कुठल्याही गटाला कधी सांगितली नव्हती. नवीन चौकातल्या घोड्यावरच्या राजाचं सांगितलं. रंगीत घरांच्या कालव्याकाठी दोन इटालियन म्हाताऱ्या त्याच्या मागोमाग चालू लागल्या. त्याने त्यांना हातानेच परतवलं. "आज खासगी फेरी आहे," तो म्हणाला. इतका सुखी मी गेल्या दहा वर्षांत नव्हतो, असं तो मला म्हणाला. 

राजवाड्याच्या चौकात दुपारच्या पहारेबदलाची गर्दी जमली होती. त्याने गाडी पुढच्या रांगेत नेली, आस्ताला उठल्यावर पहिलं दर्शन शिपायांच्या अस्वली कातड्याच्या उंच टोप्यांचं व्हावं म्हणून. शिपाई आले, ढोल वाजला, आणि टपाखालून रडणं सुरू झालं.

प्रेबेनने हसत हसत टप वर केला. आतलं बाळ तोंड वासून रडत होतं आणि त्या तोंडात खाली दोन दात होते. आस्ताला एकही दात नव्हता.

टोपी निळी होती. भुवया तांबड्या होत्या.  क्षणभर प्रेबेनला वाटलं आपल्या डोक्याचंच काहीतरी झालंय, आपण नातीचा चेहरा विसरलो. त्याने खालच्या टोपलीत फोनसाठी हात घातला. हाताला एक लोकरी स्वेटर लागला, एक बाटली लागली, वाचनालयाचं पुस्तक लागलं. फोन नव्हता. फोन आस्ताच्या गाडीखाली होता, आणि आस्ता कुठे होती हे त्याला माहीत नव्हतं. अंगणातच असेल. असेलच ना? की या बाळाची आई तिला घेऊन दुसऱ्याच कुठल्या रस्त्याने निघून गेली असेल?

चार पावलांवर एक तरुण पोलीस गर्दी मागे सारत उभा होता. प्रेबेन त्याच्याकडे एक पाऊल गेला. पोलिसाने पाहिलं आणि बाळाकडे बघून हसला. प्रेबेन वळला. थांबवतील, नाव विचारतील, कोणाचं मूल आणि कोणाचे आजोबा ते लिहून घेतील, आणि तोवर आस्ता तिथे एकटी, असं तो स्वतःला समजावत होता. खरं कारण वेगळं होतं आणि तेही त्याने मला सांगितलं. पोलीस पहिला फोन त्रिनेला करतील, याची त्याला धास्ती होती.

मागे माणसांची भिंत होती. सगळे फोन उंच धरून शिपायांचे फोटो काढत होते, कोणी हलेना. तेव्हा प्रेबेनने पिवळी छत्री उघडून डोक्यावर धरली आणि आपल्या जुन्या आवाजात ओरडला, "गट निघालाय, वाट द्या! मागे गट आहे!" डॅनिश, इंग्रजी, जर्मन, तिन्ही भाषांत. आणि लोकांनी वाट दिली. मागे गट नव्हताच. एक रडतं बाळ आणि एक म्हातारा, एवढेच त्या वाटेने बाहेर पडले.

परतीला तो जवळच्या रस्त्याने निघाला, बंदरावरच्या सरकत्या पुलाने. तो पुलापाशी पोचला आणि तांबडे दिवे लागले. एक शिडाचं जहाज यायचं होतं. पूल मधोमध दुभंगून सरकायला लागला. पाण्यापलीकडे आमच्या वखारीचं लाल छप्पर दिसत होतं. बाळ हुंदके देऊन रडत होतं. त्याने त्याला उचलून खांद्याशी धरलं. 

शेजारी सायकल धरून एक बाई उभी होती. "भूक लागलीय त्याला, आजोबा."

"हो. घरीच चाललोय."

"नाव काय पठ्ठ्याचं?"

प्रेबेनचं तोंड उघडं राहिलं. अख्खं शहर ज्याच्या जिभेवर, त्याला एक नाव सुचेना. जे तोंडात होतं तेच बाहेर पडलं. "आस्ता."

बाईने बाळाच्या निळ्या टोपीकडे पाहिलं, तांबड्या भुवयांकडे पाहिलं, मग प्रेबेनकडे. "मुलगी आहे होय," ती म्हणाली, आणि सायकलच्या टोपलीतून फोन काढून हातात धरून उभी राहिली. जहाज गोगलगाईसारखं सरकत होतं. पूल जुळला तेव्हा प्रेबेन पळत सुटला, आणि पूल संपला तरी ती बाई सायकल हातात धरून त्याच्या मागेच येत होती.

इकडे आमच्या अंगणात काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. सिल्ये नावाची एक तरुण आई खिडकीजवळच्या टेबलावर जेवत होती. अधूनमधून बाहेर बघत होती. काळी गाडी जागेवर दिसत होती, टप खाली, सगळं ठीक. मग रडणं ऐकू आलं. ती उठून गेली, टप वर केला, आणि तिने जी किंकाळी फोडली ती मी खिडकीत ऐकली.

"हा माझा मुलगा नाही!"

मी धावले. गाडीत मोहरीच्या रंगाची टोपी घातलेलं बाळ रडत होतं. ती टोपी मीच विणली होती. माझ्या लक्षात सगळं एकदम आलं. मी आस्ताला कडेवर घेतलं आणि म्हणाले, "पोरी, ऐक. तुझ्या मुलाला कोणी पळवलेलं नाही. एक आजोबा आपली गाडी समजून घेऊन गेलाय. मी त्याला ओळखते. चांगला माणूस आहे."

"कुठे गेलाय?"

"शहरात."

"शहरात कुठे?"

 तिने पोलिसांना फोन लावला.  तेवढ्यात आस्ताच्या गाडीखाली घंटा वाजायला लागली. मी टोपलीतून फोन काढला. वर नाव होतं, त्रिने.

उचलला नाही तर प्रेबेनला थोडा वेळ मिळेल, असं माझ्या मनात आलं. मग समोर उभ्या असलेल्या त्या आईचा पांढराफटक चेहरा पाहिला आणि उचलला.

"मी बिर्थे. आस्ता माझ्या कडेवर आहे. ती ठीक आहे. तुझे बाबा इथे नाहीत."

 "कुठे आहे तो?"

"शहर दाखवायला गेलाय."

"कोणाला?" त्रिनेने विचारलं.

मी सांगितलं. तिने फोन ठेवला. तिची कचेरी मोठ्या पुलाच्या पलीकडेच, कालव्याकाठी. ती कोट न घालता पळत आली, कचेरीतल्या पातळ बुटांनी. आस्ताला माझ्याकडून घेतलं, तिच्या मानेत तोंड खुपसलं, आणि तशीच उभी राहिली. सिल्ये आता फाटकाकडे निघाली होती, मी शोधते, मी राजवाड्याकडे जाते, असं काहीबाही बोलत.

"जाऊ नका," त्रिने म्हणाली. "तुम्ही एका रस्त्याने जाल आणि तो दुसऱ्याने येईल. तो इथेच येणार. त्याचा नियम आहे, हरवलं तर शेवटच्या जागी."

"तुम्हाला खात्री आहे?"

 त्रिनेला खोटं बोलवेना. "एकदा मी अशीच थांबले होते," ती शेवटी म्हणाली. "तेव्हा नव्हता आला."

"मग?"

"आज थांबू या."

आणि त्या दोघी पंपाशेजारी उभ्या राहिल्या. सिल्येने त्रिनेचा दंड इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती. वाऱ्याने अंगणातली पत्र्याची पाटी करकरत होती, आत शाळेची पोरं खिदळत होती. मी फाटकाकडे बघत होते आणि मनात प्रेबेनला शिव्या घालत होते. गाढवा, ये. एवढ्या वेळी ये.

आधी फाटकावरून पिवळी छत्री दिसली. ती त्याने मिटलीच नव्हती, गाडीच्या दांड्यात अडकवली होती. मग प्रेबेन, घामाने निथळलेला, एका हाताने गाडी ढकलत, दुसऱ्या हाताने बाळ छातीशी धरून. मागे सायकलवाली बाई. सिल्येने बाळ त्याच्याकडून हिसकावूनच घेतलं. ते बरोबर होतं.

"एकदाही आत पाहिलं नाहीत?" ती रडत ओरडली.

"झोप मोडायची नव्हती," प्रेबेन म्हणाला.

तिने तोंड उघडलं आणि मिटलं. तिनेही तर तेवढा वेळ टप उघडला नव्हता.

"नाव काय त्याचं?" प्रेबेनने विचारलं.

"ओटो."

"ओटो," तो म्हणाला, आणि सायकलवाल्या बाईकडे वळून पुन्हा म्हणाला, "ओटो." बाईने फोन खिशात टाकला आणि निघून गेली. नंतर दोन पोलीस आले, माहिती लिहून घेतली, सिल्येला विचारलं, तक्रार करायची आहे का. तिने मान हलवली, नाही म्हणून. ओटो तोवर बाटलीला चिकटला होता.

मग प्रेबेन आणि त्रिने उरले. प्रेबेन नातीकडे बघत होता, मुलीकडे बघायची त्याची छाती होत नव्हती.

"चौकात पोलीस असतात," त्रिने म्हणाली. "त्यांना का नाही सांगितलंस?"

"तुला कळलं असतं."

"कळलंच की."

"हो."

मला वाटलं, झालं, संपले गुरुवार. त्याच्या चेहऱ्यावरून त्यालाही तेच वाटत होतं. त्याने छत्री मिटली आणि माझ्याकडे द्यायला हात पुढे केला, जणू आता ती त्याला लागणार नव्हती.

"त्या पोराला कुठपर्यंत दाखवलंस?" त्रिनेने विचारलं.

"राजवाड्यापर्यंत."

"सगळं सांगितलंस?"

"सगळं. चर्चपाशी तुझ्या आईचंही." छत्री त्याने खाली घेतली. "मला वाटलं, आस्ताच आहे."

 त्रिनेने आस्ताला गाडीत ठेवलं, मोहरी टोपी कानांवर ओढली, आणि टप खाली न करता तसाच उघडा ठेवला. आतून माझा खुंटीवरचा जुना कोट आणून मी तिच्या खांद्यावर टाकला. तिने तो घातला.

"मी सात वर्षांची असल्यापासून ही फेरी माझी बाकी राहिलीय," ती म्हणाली. "चल. पहिल्यापासून सांग. गाडी मी ढकलणार."

प्रेबेन पुढे निघाला. तिने दांडा दोन्ही हातांनी धरला होता आणि तो सोडायचा तिचा विचार नव्हता, हे त्यालाही दिसत होतं. फाटकाशी तो थांबला. मागे वळला आणि छत्रीच्या टोकाने मोजलं. आधी त्रिनेला, मग आस्ताला.